माईची परात

माईच्या परातीला पोचा आहे. बरोबर मधोमध नाही, किंचित डावीकडे, अंगठा बसेल एवढा. परात पितळेची, जाड काठाची, आतून कल्हई केलेली. तिच्यात कधी कणीक मळली गेली नाही. वर्षातले दहा-अकरा महिने ती माळ्यावर आजोबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली असायची आणि मार्गशीर्ष सरत आला की माई म्हणायची, "अरे, परात काढा कुणीतरी." आमच्या घरातली थंडी त्या दिवशी सुरू व्हायची.

माई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. मुलं तिला माई म्हणायची, सुना माई म्हणायच्या, आम्ही नातवंडंही माईच म्हणायचो. २०१८ च्या दिवाळीनंतर ती गेली, ८७ वर्षांची होऊन. तेव्हापासून परात माळ्यावरच होती. यंदा भावाच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण ठरलं आणि वहिनीनं विचारलं, "ताई, दागिने बाजारातून आणू या का?" मी उत्तर द्यायच्या आत आई उठली, स्टूल आणलं आणि माळ्याखाली ठेवलं. मी वर चढले.

माई हलव्याचे दागिने करायची.

ज्यांनी हलवा फक्त पुडीतून खाल्लाय त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. हलव्याला लागते साखर, पाणी, आणि आत घालायला काहीतरी: खसखस, तीळ, साबुदाणा, मगज, लवंग. बाकी सगळं काम बोटांचं. साखरेचा पाक करायचा, त्यात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची, लिंबाचे चार थेंब पिळायचे. शेगडीत कोळसे फुलवायचे आणि त्यांच्यावर राख पसरायची. "लाल दिसला की संपलं. राखेखालचा हवा," असं माई दर वर्षी सांगायची. मग शेगडीवर परात, परातीत मूठभर तीळ, तिळांवर चमचाभर पाक, आणि लगेच बोटं फिरवायला लागायचं. गोल गोल, हलक्या हातानं, दाण्याला दाणा चिकटू न देता, पाक सुकून पांढरा होईपर्यंत. सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर गोळे होतात. आच जास्त झाली तर तासाभराची चढलेली साखर वितळून खाली येते. पहिल्या दिवशी दाणा नुसता गोरा होतो, दुसऱ्या दिवशी अंग धरतो. काटा येतो तो तिसऱ्या दिवशी, तोही हवा कोरडी असली तर. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी माई शेगडी पेटवायचीच नाही, खिडकीशी बसून दोरे कापून ठेवायची.

परातीतल्या पोच्यात पाक साचायचा. तिथले दाणे वेळेवर हलवले नाहीत तर चिकटून बसणार. म्हणून माईचा हात दर फेऱ्याला पोच्याशी आला की आत वळायचा, करंगळीनं तिथले दाणे बाहेर लोटायचा आणि पुढे जायचा. ते इतकं सवयीचं झालेलं होतं की आम्हाला वाटायचं, हलवा असाच करतात. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे मी चांगल्या सपाट परातीत हलवा हलवत होते. तिची आई बघत होती. तिनं विचारलं, "अगं, मधेच हात असा मुरडतेस का?" मला सांगता आलं नाही.

पोचा पानशेतच्या पुराचा.

माईचं माहेर वाईचं. १९४९ साली लग्न होऊन ती पुण्यात, नारायण पेठेतल्या वाड्यात आली. आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते. हलवा करायला माईला शिकवलं पणजीनं, म्हणजे तिच्या सासूबाईंनी. शिकवलं म्हणजे काय, तर परातीसमोर बसवलं आणि चुकलं की हात बाजूला केला. पणजी फार बोलणारी नव्हती. १९५० च्या संक्रांतीला माईच्या अंगावर पणजीच्या हातचे दागिने होते, तिच्या पहिल्या संक्रांतीचे. ते मोजके असायचे: हार, बिंदी, बाजूबंद. पुढे जे काही वाढलं ते माईनं वाढवलं.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतच्या धरणाचं काम अजून पुरं व्हायचं होतं. आदल्या रात्रभर जवान तिथं वाळूची पोती रचत होते, हे माईला पुष्कळ नंतर कळलं. सकाळी ती स्टोव्हपाशी होती, दोन वर्षांचे बाबा पायात घोटाळत होते, आणि रस्त्यावरून माणसं ओरडत गेली, "पानशेत फुटलं! पळा!" पानशेतचं पाणी खडकवासल्यात शिरलं, खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माईनं बाबांना कडेवर घेतलं, काकाचा हात आत्याच्या हातात दिला, सासूबाईंना पुढे घातलं आणि पर्वतीच्या दिशेनं चालायला लागली. निघताना ट्रंकेतून एकच वस्तू काढून तिनं कनवटीला लावली होती. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पाणी ओसरल्यावर आजोबा आणि ती परत गेली तेव्हा वाडा उरला नव्हता. दगडी जोतं होतं आणि त्यावर कमरेएवढा गाळ. गाळ धुवायला पाणी नाही, कारण शहराला पाणी खडकवासल्याचंच. चार दिवस उकरून हाती लागलं ते एका पाटीत मावलं. परात मिळाली तिसऱ्या वाड्याच्या जिन्याखाली, उपडी, दगडावर आपटून पोचा आलेली. पुढे कल्हईवाल्यानं दोनदा विचारलं, ठोकून सरळ करून देऊ का. माई म्हणाली, कल्हई कर फक्त.

त्यानंतरची संक्रांत नातेवाइकांच्या एका खोलीत झाली. गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळायचं होतं अजून. त्यातून फेब्रुवारीत अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, म्हणून जिकडे तिकडे होमहवनं चाललेली. ज्यांनी जुलैमध्ये घर बुडताना बघितलं होतं, त्यांना भीती घालायला वेगळं काही लागत नव्हतं. आजोबांच्या धाकट्या भावाचं लग्न पुराच्या आधी मे महिन्यात झालं होतं, म्हणजे धाकट्या जाऊबाईंची ती पहिली संक्रांत. सगळे म्हणाले, यंदा राहू दे. माईनं कुणाकडून तरी शेगडी मागून आणली.

आमच्याकडे माईची एक वही आहे. तिची पहिली नोंद तिथून सुरू होते: "संक्रांत १९६२. धाकट्या जाऊबाई. साखर दोन शेर. तन्मणी, बाजूबंद, बिंदी, तोडे. तन्मणी पाच सरी, खोडाला लवंगेचा हलवा." तन्मणी म्हणजे गळ्यातला सरींचा दागिना, आणि खोड म्हणजे त्याचं मधलं पदक.

या वहीत पाककृती नाहीत. कुणासाठी, कधी, साखर किती लागली आणि काय काय केलं, एवढंच. पण माई मधूनच एखादी ओळ जास्तीची लिहून जायची, आणि मला आज ती वही उघडली की त्याच ओळी वाचायच्या असतात. "चुलत पुतणी. मान उंच, चिंचपेटी शोभेल." "मावसजावेची सून. मुलगी बारीक आहे, कंबरपट्टा हलका केला, टोचू नये." "शेजारच्यांचा नातू, ११ महिने. मुकुट डोक्यावर ठेवत नाही. झबल्यावरच जास्त दाणे शिवले." एका ठिकाणी नुसतं: "हिला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. हसली." ही कोण, ते तिनं लिहिलेलं नाही आणि घरात कुणाला आठवतही नाही.

वहीत ४१ नव्या नवऱ्या आहेत आणि बाळं साठाच्या वर. सगळी काही नात्यातली नाहीत. गोखलेनगरच्या वसाहतीत कुणाचीही सून आली की पौषात त्या घरातलं कुणीतरी साखर घेऊन माईच्या दारात यायचं. पैसे तिनं कधी घेतले नाहीत. साखर मात्र ज्यांच्या घरचं कार्य त्यांनी आणायची. रेशनच्या दिवसांत लोक दिवाळीपासून वाटी-वाटी बाजूला काढून ठेवायचे.

दागिने बांधताना बघावं तिला. दोन पदरी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, दाणा, गाठ, दाणा, गाठ. हलव्याला भोक पाडता येत नाही, तो दोऱ्याच्या वेढ्यात धरायचा असतो. आवळला तर काटे मोडतात, सैल राहिला तर दाणा निसटतो. यासाठी तिच्याकडे आजोबांचा चिमटा होता, छापखान्यातला, चुकीचा खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून काढायचा. आजोबांनी दिवसभर शिसं निवडायचं आणि संध्याकाळी तोच चिमटा धुऊन माईच्या हाती द्यायचा. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा चिमटा घरीच राहिला. त्यांना माईसमोर बसून दाणे प्रतवारीनं लावायला आवडायचं. खसखशीचे एका वाटीत, तिळाचे दुसऱ्या, साबुदाण्याचे तिसऱ्या, जणू टाइपच्या केसमधली घरं. हे मी पाहिलेलं नाही, बाबांकडून ऐकलंय.

चिकटवायला डिंक, तोही खायचा. बाजारातला गोंद माई वापरू द्यायची नाही, कारण "मूल तोंडात घालणारच." जावयांना हलव्याचं घड्याळ असायचं, आणि त्याचे काटे नेहमी सहावर. विचारलं तर म्हणायची, कचेरीतून घरी यायची वेळ. तयार झालेला संच डब्यात, डबा उपड्या वाटीवर आणि वाटी पाण्यानं भरलेल्या ताटात. मुंग्यांची वाट बंद.

रांगोळी, रुखवत, उखाणे हेही सगळं ती करायची आणि छान करायची. त्याबद्दल आत्या लिहील कधीतरी. मला परातीबद्दलच लिहायचंय.

वहीत १९८४ चं पान कोरं आहे. आजोबा १९८३ च्या पावसाळ्यात गेले. सुतकाचं वर्ष म्हणून ते पान कोरं, असं मी बरीच वर्षं समजत होते. खरी गोष्ट आईनं सांगितली, तीही माई गेल्यावर. त्या जानेवारीत शेजारून एकजण साखर घेऊन आल्या होत्या. माई हो म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि साखर घेऊन गेल्या. घरच्या मोठ्या बायकांना बरं वाटत नाही म्हणाल्या, पहिलीच संक्रांत आहे मुलीची. माईनं पिशवीला गाठ मारून दिली.

आई-बाबांचं लग्न १९८४ च्या मे महिन्यातलं. म्हणजे १९८५ ची संक्रांत आईची पहिली. तेव्हाही नात्यातल्या एक बाई आल्या आणि आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, दागिने बाहेरून आण, सासूला वाईट वाटणार नाही, तीही समजूतदार आहे. मला या बाईंचा आजही राग येतो. ज्या हातांनी घरोघरच्या मुलींना सजवलं, ते हात एका मरणानं अशुभ कसे होतात? आई तेव्हा २२ वर्षांची, घरात येऊन आठ महिने झालेले, माईशी अजून "हो माई, नको माई" यापलीकडे बोलणं नव्हतं. तिनं बाईंना चहा दिला, त्या गेल्या, आणि मग स्टूल घेऊन ती माळ्यापाशी गेली. परात काढली. पुसली. माईपुढे ठेवली आणि म्हणाली, "माई, मी तुमच्याच हातचे घालणार. आणि हळदीकुंकवाला तुम्ही माझ्याशेजारी बसायचं."

माई काही बोलली नाही म्हणे. परातीतल्या पोच्यात अंगठा ठेवून बसून राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, "कोळसे आहेत का घरात?"

आईचा त्या दिवशीचा फोटो आहे. काळी चंद्रकळा, डोक्यावर बिंदी, गळ्यात तन्मणी, चिंचपेटी, हार, दंडात बाजूबंद, कमरेला पट्टा. वहीतली नोंद त्या वर्षी सगळ्यांत लांब आहे, १७ दागिने. जास्तीची ओळ नाही. आईशेजारी माई बसलेली आहे, फिकट लुगड्यात, कपाळ मोकळं, आणि हातात तिळगुळाचा डबा. पुढच्या वर्षीपासून माईनं संक्रांतीचं बोलावणं स्वतः करायला सुरुवात केली आणि वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. नवरे गेलेल्या, टाकलेल्या, लग्न न झालेल्या. काही जणी पहिली दोन वर्षं आल्या नाहीत. नंतर आल्या.

मी दहा वर्षांची झाल्यावर मला परातीसमोर बसवलं. माझी बोटं भाजायची. माई थंड पाण्याची वाटी शेजारी ठेवायची, पण उठू द्यायची नाही. शेवटची काही वर्षं उलट झालं. तिची बोटं वळेनात, मी हलवायचे आणि ती खुर्चीत बसून ऐकायची. हो, ऐकायची. दाणे सुकले की परातीत त्यांचा आवाज बदलतो, ओले असताना घसटतात आणि सुकले की वाजतात. दृष्टी मंद झालेली माई डोळे मिटून म्हणायची, "आता घाल."

वहीतली शेवटची नोंद २०१६ ची, अक्षर तिरपं झालेलं: "पणती, ८ महिने. साखर दीड किलो. काटा बारीक आला पण आला. नातीनं केला."

तर यंदा. गॅसवर आच आवरत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. तीन दिवस रजा काढली. पहिल्या दिवशीचा हलवा पूर्ण फुकट गेला, चमचाभर घाई झाली. तो पाण्यात विरघळवून त्याचाच पुन्हा पाक केला, माई करायची तसा. चौथ्या दिवशी पहाटे काटा दिसला. भाच्याला मुकुट, बासरी, हार, वाळे केले. साबुदाण्याचा हलवा उरला होता म्हणून आईसाठी तन्मणी करायला घेतला. पाच सरी, खोडाला लवंगेचा हलवा. वहीत प्रत्येक वर्षी तेच लिहिलंय. सगळे दागिने माई माणूस बघून बदलायची, तन्मणी तेवढा कधीच बदलला नाही. का, ते मला ठाऊक नव्हतं.

बोरन्हाणाला आत्या आली. आता ती पंचाहत्तरीला टेकली आहे. आईच्या गळ्यातला तन्मणी तिनं हातात धरला आणि सरी मोजल्या. मग म्हणाली, "पुराच्या वेळी कनवटीला लावला होता ना, तो हा."

पूर ओसरल्यावर दोन महिन्यांनी माई दहा वर्षांच्या आत्याला घेऊन सराफकट्ट्यावर गेली होती. तन्मणी तिला माहेरून मिळालेला, मोत्यांच्या पाच सरींचा, लाल खड्याच्या खोडाचा. भांडीकुंडी, अंथरुणं, मुलांची पुस्तकं, सगळंच नव्यानं घ्यायचं होतं. सराफानं वजन करायला हात पुढे केला तेव्हा माई म्हणाली, थांबा जरा. आणि तिथे उभ्या उभ्या तिनं एकेका सरीतले मोती मोजले, ओठ हलवत. पाचही सरी. "मला वाटलं, सराफ फसवेल म्हणून मोजतेय," आत्या म्हणाली. "सत्तावन्न, एकसष्ट, पासष्ट, एकोणसत्तर, त्र्याहत्तर. रस्ताभर मलाही पाठ करायला लावलं. मी अजून विसरले नाही."

मी आईच्या फोटोला भिंग लावून मोजायला बसले होते ते नंतर, रात्री. त्या वेळी तिथे पाटावर बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे यांचा सडा पडला होता आणि सोसायटीतली मुलं लुटालूट करत होती. भाचा त्या सगळ्याच्या मधोमध बसून बासरीचं टोक चोखत होता. आईनं त्याला उचलून घेतलं, तसा त्यानं तन्मण्याला हात घातला आणि बाहेरची सर तोडली. आई दाणे वेचायला वाकली.

"राहू दे," आत्या म्हणाली. तिनं तुटलेली सर सोडवून घेतली, दोरा काढून टाकला आणि एकेक दाणा त्याच्या तोंडात घालायला लागली.